कोठावदे मॅडमचा ढाळ

कोठावदे मॅडम कुणाच्याही घरी गेल्या, की आधी जमिनीकडे बघायच्या आणि मग माणसांकडे. यजमान दारात हात जोडून उभे असायचे, आणि या बाई फाटकापाशीच थांबून अंगणावरून नजर फिरवत असायच्या. मग विचारायच्या, "पाणी कुणाच्या दारात सोडलंय?"

माझ्या घराच्या वास्तुशांतीलाही त्यांनी हेच विचारलं. माझे सासरे कळवणहून आले होते, त्यांना वाटलं ही बाई भांडायलाच आलीय. "कुणाच्या नाही, गटारात सोडलंय," मी घाईघाईनं म्हणालो. त्यांनी वाकून गटाराची जाळी पाहिली, "चालेल" म्हणाल्या आणि मगच चपला काढल्या. त्यांच्या तोंडून "चालेल" म्हणजे फार झालं. "छान" हा शब्द मी त्यांच्याकडून कधी ऐकला नाही.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या शेठचा पेव्हर ब्लॉकचा कारखाना होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी नाशकात शहाबादी फरशी मागे पडून ब्लॉकची हौस सुरू झाली होती. बंगल्याच्या फाटकापासून पोर्चपर्यंत लाल-करडे ब्लॉक बसवले की घर एकदम नवं वाटायचं. मी ऑफिसात बसून ऑर्डरी बघायचो. साइटवर काम करून घ्यायला शेठनी सिव्हिलचा डिप्लोमा झालेल्या विमल कोठावदे यांना ठेवलं. आधी त्या एका बिल्डरकडे होत्या आणि तिथून भांडून आल्या होत्या. तेव्हा त्या चाळिशीच्या आसपास असतील. लग्न झालेलं नव्हतं. का, ते विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

उंच, हाडं दिसतील इतक्या बारीक, पदर कमरेला खोचलेला. खांद्यावर पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी, लेव्हल बघायला. पर्समध्ये भाजलेले शेंगदाणे. साइटवर कुणाचा चहा घ्यायच्या नाहीत. "चहा प्याला की काम चांगलं म्हणावं लागतं," असं त्यांचं म्हणणं. काम संपलं की त्या चपला हातात घेऊन नव्या ब्लॉकवरून अनवाणी चालायच्या. मग बादलीभर पाणी मागवून वरच्या टोकाला ओतायच्या आणि त्यात चिमूटभर लाकडाचा भुसा टाकायच्या. भुसा वाहत कुठे जातो, कुठे अडतो, ते बघत उकिडव्या बसायच्या. तोवर गवंडी, मजूर, घरमालक सगळे गप्प. भुसा मध्येच कुठे गोल फिरायला लागला, की तेवढे ब्लॉक उचलायचे, खालची बारीक खडीची कच नीट करायची आणि पुन्हा बसवायचे. दहा फुटाला दोन इंच ढाळ, हा त्यांचा हिशेब. मजूर त्यांना मागे 'ढाळबाई' म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं.

त्या बरोबर असायच्या, पण प्रेमळ मुळीच नव्हत्या. रामदास म्हणून आमचा एक जुना गवंडी होता, हाताला सफाई असलेला. इंदिरानगरच्या एका कामात फाटकाजवळचा त्याचा ढाळ उलटा गेला, पाणी तिथे साचलं. त्याच दिवशी संध्याकाळी चांदवडला त्याच्या मुलीचा साखरपुडा होता. तो हात जोडून म्हणाला, "मॅडम, उद्या सकाळी येऊन करतो. आज पाव्हणे येणार."

"पाहुण्यांना काय, उद्याही येता येईल. मालक उद्या गाडी आत घेणार आहेत," मॅडम म्हणाल्या.

रामदासनं ब्लॉक उचलले, पुन्हा बसवले. काम झालं तेव्हा चांदवडची गाडी पकडून उपयोग नव्हता. दुसऱ्या दिवसापासून तो आमच्याकडे आला नाही. मी मॅडमना म्हणालो, "एक दिवस थांबलं असतं तर काय झालं असतं?" त्यांनी शेंगदाण्याची सालं फुंकून टाकली. "गायधनी, उद्या करतो म्हणालेलं काम मी आजवर झालेलं बघितलं नाही." झाल्या गोष्टीचं वाईट वाटल्याचं त्यांच्या तोंडावर काही दिसलं नाही.

पण हाच कडूपणा मोठ्या माणसांच्याही वाट्याला तितकाच यायचा. गंगापूर रोडला एका डॉक्टरांचा बंगला होता. डॉक्टरांना अंगण टेबलासारखं सपाट हवं होतं.

"मग घरात टेबल ठेवा," मॅडम म्हणाल्या. "अंगणाला ढाळ लागतो."

डॉक्टर हसले. "बरं, द्या थोडा. पण समोर नको, समोर माझी गाडी असते. त्या बाजूला काढा, कुंपणाकडे."

"कुंपणापलीकडे कोण राहतं?"

"कुणी रिटायर्ड मास्तर आहेत."

"म्हणजे त्यांच्या दारात सोडायचं?"

"ते त्यांचं बघतील हो."

मॅडमनी टेप गुंडाळला आणि निघाल्या. फाटकातून थेट शेजारच्या मास्तरांकडे गेल्या, बेल वाजवली आणि म्हणाल्या, "तुमचे शेजारी त्यांचं पाणी तुमच्याकडे काढणार आहेत. आत्ताच लेखी तक्रार करा, नंतर रडून उपयोग नाही." डॉक्टरांचा फोन मॅडम ऑफिसला पोचायच्या आधीच आला होता. शेठ इतके चिडले की ग्लास आपटला. "मॅडम, तुम्ही आपलं काम करता की शेजाऱ्यांचं?"

"पाण्याचं," त्या म्हणाल्या.

शेठनी त्यांना काढलं नाही. पावसाळ्यानंतर तक्रार येत नाही असं काम करणारं दुसरं कुणी त्यांच्याकडे नव्हतं, एवढंच कारण.

मॅडम राहायच्या पाथर्डी रस्त्याच्या अंगाला. तेव्हा त्या भागात अजून मळे होते. वडिलांनी सटाण्याहून बदली झाल्यावर प्लॉट घेऊन बैठं घर बांधलं होतं. अंगणाची शहाबादी फरशी मॅडमनी डिप्लोमा होताच स्वतः उभं राहून बसवून घेतलेली. जमिनीचा नैसर्गिक उतार मागे होता, मळ्याकडे. त्यांनी भर घालून ढाळ पुढे फिरवला होता, म्हणजे सगळं पाणी फाटकातून रस्त्याच्या गटारात जावं. मागच्या मळ्यात निंबाजी आणि सखुबाई हे माळी कुटुंब राहायचं, झेंडू-शेवंती करायचं. त्यांचं मातीच्या भिंतींचं घर मॅडमच्या मागच्या कुंपणाला लागूनच होतं.

वडील गेल्यावर धाकट्या भावानं, अविनाशनं, वाटणी मागितली. तो एका कंपनीत चांगल्या जागेवर होता. घराचे दोन भाग झाले आणि अंगणाच्या मधोमध रेघ आखली गेली. फाटक आणि गटाराकडची बाजू अविनाशची, मागची बाजू मॅडमची. आई मॅडमकडे राहिली. येण्याजाण्याची वाट आणि पाण्याची वाट दोन्ही अविनाशच्या बाजूनं राहतील, असं तोंडी ठरलं. "सख्खा भाऊ आहे, लिहून काय घ्यायचं," असं आई म्हणाली, आणि दुसऱ्यांना लेखी तक्रार करायला लावणाऱ्या मॅडमनी आईचं ऐकलं.

पुढे अविनाशनं नवी गाडी घेतली. फाटकातून आत येताना ती खालून घासायची. तेव्हा मॅडम कळवणला एका मंगल कार्यालयाच्या आवाराचं काम बघायला गेल्या होत्या, तिथेच मुक्कामी. तेवढ्यात अविनाश येऊन थेट शेठना भेटला. माझ्या टेबलावर ती ऑर्डर आलीच नाही. आमच्याच कारखान्याचे ब्लॉक, आमचाच दुसरा सुपरवायझर. अविनाशच्या अर्ध्या अंगणात मुरूम टाकून ते चांगलं गुडघाभर उचललं गेलं आणि वर लाल-करडे ब्लॉक बसले. फाटकाकडची बाजू उंच, उतार रेघेकडे, म्हणजे मॅडमच्या दाराकडे.

कळवणहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम ऑफिसात आल्या. आवाज चढला नव्हता.

"माझ्या भावाच्या अंगणाचा ढाळ कुणी काढला?"

सुपरवायझर शेठकडे बघायला लागला. शेठ म्हणाले, "त्यांनीच सांगितला तसा काढला. तुमच्या घरचंच काम, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, मी विचारलं होतं त्यांना. ते म्हणाले, ताईनंच काढून दिलाय."

मॅडम आपल्या टेबलाशी जाऊन बसल्या.

भावाला त्या काय म्हणाल्या ते पुढे त्यांनीच मला सांगितलं. एवढंच मागितलं होतं, की दोघांच्या रेघेवर एक अरुंद गटार काढू, वर लोखंडी जाळी टाकू, आणि तुझ्या ब्लॉकखालून पाईप नेऊन रस्त्याच्या गटाराला जोडू. तू काही करू नकोस, मी माझी माणसं आणते. अविनाश म्हणाला, "ताई, नवीन काम आहे, आता कुठे फोडायचं? दिवाळीनंतर बघू." दिवाळी झाली. मग म्हणाला, उन्हाळ्यात बघू. त्यानं कधी नाही म्हटलं नाही, तो नेहमी 'बघू' म्हणायचा.

पावसाळ्यात एक दिवस मॅडम कामावर आल्या नाहीत, निरोपही नाही. एका साइटचा नकाशा त्यांच्याकडे होता म्हणून मी घरी गेलो. अविनाशचं अंगण धुऊन पुसल्यासारखं लखलखत होतं. रेघेपलीकडे मॅडमच्या अंगणात तळं झालेलं, आणि उंबरा ओलांडून पाणी आत शिरलेलं. मॅडम साडी वर खोचून तसराळ्यानं पाणी बाहेर फेकत होत्या. फेकलेलं पाणी फिरून आत येत होतं. आईची खाट पुढच्याच खोलीत होती. म्हातारी पाय वर घेऊन बसली होती.

वरच्या अंगणात छत्री घेऊन अविनाश उभा होता. "ताई, मजूर पाठवू का कुणी?" त्यानं अगदी मायेनं विचारलं.

मॅडमनी आणखी एक तसराळं भरून बाहेर फेकलं. आई आतून म्हणाली, "त्याले काही बोलू नको, विमल. त्यानी गाडी खाले घासाये, म्हनीसन उंच करं व्हई."

मॅडम घरात आईशी अहिराणीच बोलायच्या, ते मला त्या दिवशी कळलं. "पानी खाटखाले शे, आई," त्या म्हणाल्या.

"पानी काय, सुकी जाई," म्हातारी म्हणाली.

मी चपला काढून दुसरं भांडं घेतलं. दोघांनी मिळून पुष्कळ वेळ पाणी फेकलं. अविनाश थोडा वेळ बघत उभा राहिला आणि आत गेला.

असे पावसाळे एकापाठोपाठ एक गेले. आम्ही सगळे मॅडमना सांगायचो, कोर्टात जा. त्या म्हणायच्या, "आई साक्ष माझ्याविरुद्ध देईल." शेठनीही एकदा सुचवलं, "मॅडम, तुम्ही तुमचं अंगण उचला आणि ढाळ मागे काढा. दोन दिवसांचं काम आहे. ब्लॉक मी देतो." मॅडम त्यांच्याकडे अशा बघत राहिल्या की शेठनी विषय बदलला. मागे निंबाजीचं घर होतं.

मग आई पडली. ओल्या फरशीवर पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं. मी दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा अविनाश फळांची पिशवी घेऊन आला होता. नातेवाईक जमले होते. त्यांना तो सांगत होता, "त्या घरातल्या फरशा फार गुळगुळीत आहेत. ताईला किती वेळा सांगितलं, बदलून घे म्हणून." नातेवाईक मॅडमकडे बघायला लागले. त्या आईच्या पायथ्याशी चादरीचं टोक गादीखाली खोचत होत्या. त्यांनी ते खोचलं, पुन्हा बाहेर काढलं आणि पुन्हा खोचलं.

आईला घरी आणल्यावर मॅडम ऑफिसात माझ्या टेबलाशी आल्या. "गायधनी, माझ्या घरचं काम लावा. मुरूम पाठवा आधी."

मी बघायला गेलो होतो. त्यांनी स्वतः दोऱ्या बांधल्या, नळी लावून खुणा केल्या. अंगण रेघेपर्यंत उचललं, घराच्या कडेनं ब्लॉकची पन्हळ काढली, आणि सगळा ढाळ मागे नेला. कुंपणाच्या पायात पाणी जायला भोकं ठेवली. इतकं नेटकं काम त्यांच्याही हातून क्वचित झालं असेल. दोरी कुठे चाललीय ते पाहून मी हळूच म्हणालो, "मॅडम, मागे निंबाजी..."

"माहीत आहे."

"मधे एखादा पाईप तरी..."

"कुठून नेऊ पाईप? माझ्याकडे रस्ता नाही, गायधनी. तो त्याच्याकडे आहे."

काम संपलं. या वेळी त्यांनी बादली मागवली नाही.

त्या वर्षी आईची खोली कोरडी राहिली. ते त्यांनी मला चांदवडला साइटवर जाताना एसटीत सांगितलं, न विचारता. बाहेर पाऊस कोसळत असताना आईनं खाटेवरून खाली वाकून फरशीला हात लावून पाहिला होता आणि विचारलं होतं, "अविनाशनी करी दिधं का?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"हां म्हटलं."

नंतर चांदवड येईपर्यंत त्या खिडकीबाहेर कांद्याची शेतं बघत होत्या.

त्याच पावसाळ्यात सखुबाई सातपूरला कारखान्याच्या दारात आली. मॅडमनी घरी दार उघडलं नव्हतं, म्हणून विचारत विचारत इथवर. नेसूचं लुगडं पोटरीपर्यंत चिखलानं माखलेलं होतं. वॉचमन अडवत होता, मी आत घेतलं. मॅडम नकाशा बघत होत्या. सखुबाई टेबलासमोर उभी राहिली. खुर्ची दिली तर बसली नाही.

"बाई, मागची भिंत बसली आमची," ती म्हणाली. "माझा सासरा त्याच भिंतीला निजायचा. तवा बाहेर गेलता म्हनून वाचला. झेंडू तर सगळा सडला, मुळाशी नुसतं पानी हाय." सखुबाईचा आवाज चढला नाही. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. "तुमी तर इंजिनेर हायेत. लोकांचं पानी काढता. तुमाला नाय का समजलं, हे पानी कुठं जाईल ते?"

मॅडमनी मान वर केली.

"समजलं होतं," त्या म्हणाल्या.

सखुबाई बघतच राहिली. काही सबब ऐकू येईल, निदान खोटं तरी, असं तिला वाटलं असावं. मग ती वळली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी दोन गवंडी आणि सिमेंटच्या गोण्या देऊन टेम्पो निंबाजीकडे पाठवला. दुपारच्या आत टेम्पो होता तसा भरलेला परत आला. गवंडी म्हणाला, "त्या बाईनं गोणी खाली उतरू दिली नाही. नवरा घ्या म्हणत होता, पण ती आडवी उभी राहिली."

त्यानंतर मॅडम आमच्याकडे आणखी काही वर्षं होत्या. काम पहिल्यासारखंच चोख. पण कुणाच्या साइटवर पाणी कुणाच्या दारात जाणार, हे त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मालक म्हणेल त्या बाजूला ढाळ. मालक म्हणाला कुंपणाकडे, तर कुंपणाकडे. त्या गंगापूर रोडच्या डॉक्टरांच्या भावानं बंगला बांधला, तेव्हा त्यांनी मुद्दाम मॅडमनाच बोलावलं, आणि त्या गेल्या. चहासुद्धा घेतला. शेठ खूश होऊन मला म्हणाले, "बघा, मॅडम आता धंदा शिकल्या." मी बिलं जुळवत राहिलो.

आई वारली त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्यांनी नोकरी सोडली. निरोपसमारंभ नको म्हणाल्या. अविनाश अजून तिथेच राहतो, रस्त्यात भेटला की थांबून माझी चौकशी करतो, आणि ताईची तब्येत जरा नाजूक असते असंही सांगतो.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सराफ बाजाराजवळच्या फुलबाजारात. गर्दीत बायको नारळ घेत होती आणि मी पिशव्या धरून उभा होतो. समोर गोणपाटावर झेंडूचा ढीग लावून सखुबाई बसली होती. तिच्यापुढे गिऱ्हाइकांची रांग लागली होती आणि रांगेत कोठावदे मॅडम होत्या. केस पिकलेले, खांदे वाकलेले, हातात कापडी पिशवी. सखुबाईनं त्यांना लांबूनच पाहिलं होतं. आजूबाजूला दुसऱ्या फुलवाल्या बसल्या होत्या, तिथे रांगही नव्हती. पण मॅडम त्या रांगेतून हलल्या नाहीत.

त्यांचा नंबर आला. त्यांनी पिशवीचं तोंड उघडून पुढे धरलं.

"संपली फुलं," सखुबाई म्हणाली.

दोघींच्या मधे तो ढीग होता. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, मग सखुबाईकडे पाहिलं. पूर्वीच्या मॅडम असत्या तर सगळा बाजार ऐकेल असं काहीतरी बोलल्या असत्या.

"बरं," त्या म्हणाल्या आणि पिशवीची घडी केली.

मागची बाई पुढे सरकली. सखुबाईनं तिला विचारलं, "किती देऊ, माय?" आणि दोन्ही हातांनी झेंडू उचलून तराजूत टाकला. मॅडम बाजूला होऊन रविवार कारंजाच्या दिशेनं चालू लागल्या. दोन्ही बाजूंनी फुलवाले "ताई, इकडं या, ताजा माल हाय" म्हणून ओरडत होते. त्या कुणापाशीच थांबल्या नाहीत.